पंधरा ऑगस्टला त्याला स्टेजवर नको

पत्र :

ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. शाळा आठवीपर्यंत आहे. आठवीतल्या एका मुलाच्या वडिलांनी गेल्या वर्षी पोळा झाल्यावर आठ-दहा दिवसांनी शेतात जीव दिला. कपाशी हातची गेली होती, डोक्यावर सावकाराचं देणं होतं. सरकारी मदतीचं प्रकरण गेलं, पण ते ‘अपात्र’ ठरलं, कारण देणं बँकेचं नव्हतं. बैलजोडी विकली. आई आता मजुरीला जाते.

मुलगा हुशार होता. आता वहीत काही लिहीत नाही. शाळेला लागूनच शेत आहे. तिथे फवारणीचा पंप सुरू झाला की हा उठून सरळ बाहेर जातो, विचारत नाही, सांगत नाही. गणिताच्या सरांनी आवाज चढवला की पेन पडल्यासारखा बाकाखाली वाकतो आणि तास संपेपर्यंत वर येत नाही. मागच्या आठवड्यात एका पोराने ‘तुझा बाप अपात्र’ म्हटलं, तर याने त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. सर म्हणतात, दाखला देऊन टाका.

मुलाचा काका चार महिन्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. मुलगा त्याच्या मागे-मागे असतो. आईला मात्र धाक वाटतो आणि गाव त्याला हसतं.

आता सरपंच म्हणतात, पंधरा ऑगस्टला मानसिक आरोग्यावर मोठा कार्यक्रम घेऊ, जळगावहून वक्ता आणू, त्या माउलीचा साडी-चोळी देऊन सत्कार करू आणि मुलाला दोन शब्द बोलायला लावू. त्यांची भावना चांगली आहे. मी होकार देऊ का? मी काही डॉक्टर नाही. मला स्वतःला हल्ली रात्री झोप लागत नाही.

— एक शिक्षिका

बाई,

तारीख जवळ आली आहे, म्हणून आधी पंधरा ऑगस्टचं. मुलाला स्टेजवर उभं करू नका. आईचा सत्कारही नको. नवरा गेल्याचा सत्कार कसा असतो हो? त्या बाईला साडी द्यायचीच असेल तर सरपंचांच्या घरच्यांनी संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन द्यावी, चहा पिऊन यावं. झेंड्यासमोर नाव पुकारून दिलेली साडी ती नेसणार नाही. पेटीत ठेवेल, आणि पेटी उघडली की तिला तो माइक आठवेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी पाचोऱ्याकडच्या एका शाळेत नवी-नवी समुपदेशक म्हणून जात होते. सातवीतल्या एका मुलीची आई वारली होती. मी तिला वर्गापुढे बोलावलं आणि म्हटलं, आईविषयी मोकळेपणाने बोल. ती बोलली, फार छान बोलली. अख्खा वर्ग रडला, मुख्याध्यापकांनी डोळे पुसले, आणि मी त्या दिवशी एसटीत स्वतःवर खूश होऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला ‘रडकी आई’ म्हणायला लागली. मधल्या सुट्टीत तिची नक्कल व्हायची, पदर घेऊन, हुंदके देऊन. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. तिचं दुःख तिच्या हातात होतं. मी ते काढून वर्गाला खेळायला दिलं. अजूनही पाचोऱ्याचं स्टेशन आलं की मी खिडकीबाहेर बघत नाही.

वडील कसे गेले हे तुम्ही पत्रात सविस्तर लिहिलंत. ते मी इथे छापलेलं नाही. गावातही तो तपशील पुढे सरकू देऊ नका. कोणी ‘नेमकं काय व्हयनं?’ म्हणून उकरायला लागलं तर ‘ते गेले, आता घरच्यांचं बघू’ एवढंच बोला. आपल्याकडे पारावर ही कथा रंगवून सांगतात आणि ऐकणाऱ्यांत कधी कधी एखादा तसाच अडचणीत सापडलेला माणूस गप्प बसलेला असतो.

आता मुलगा. तो पळून जातो असं तुमच्या शाळेत म्हणतात. मला तो स्वतःला सांभाळतोय असं वाटतं. ज्या दिवसांत वडील गेले ते फवारणीचे दिवस होते. त्या आवाजाची आणि त्या वासाची त्याच्या शरीराने खूणगाठ बांधून ठेवली आहे. पंप सुरू झाला की डोक्याला काही कळण्याआधी छाती धडधडते, हात गार पडतात, पाय उठतात. हे तो ठरवून करत नाही. अंधारात दोरीला साप समजून आपण उडी मारतो तेव्हा आपण तरी कुठे ठरवतो? फरक एवढाच की आपल्याला दोन सेकंदांत दोरी दिसते, त्याला दिसायला वेळ लागतो. बाकाखाली वाकणंही त्यातलंच. चढलेला आवाज आणि पंप त्याच्या अंगाला सारखेच. आणि असा घाबरलेला असताना कोणालाच अपूर्णांक समजत नाहीत, म्हणून वही कोरी आहे. हुशारी कुठे गेलेली नाही.

यावर तुमच्या हातात काय आहे? बरंच आहे, आणि त्यातल्या कशालाही डॉक्टर लागत नाही. त्याला दाराजवळची जागा द्या. त्याच्याशी एकट्यात एक खूण ठरवा. वही उलटी ठेवली की तो बाहेर जाऊन हापशावर पाणी पिऊन, दोन फेऱ्या मारून परत येईल, आणि कोणीही ‘कुठे गेला होतास’ विचारणार नाही. पहिल्या आठवड्यात तो दिवसातून पाच वेळा जाईल. तुम्हाला वाटेल, फायदा घेतोय. घेऊ द्या. परत येता येतं हे कळलं की जाणं आपोआप कमी होतं. शेजारच्या शेतवाल्याला विचारा, बाबा, फवारणी शाळा भरायच्या आत किंवा रविवारी करशील का? तो नाही म्हणेल असं मला वाटत नाही. आणि तसंही पोरांच्या नाकाशी औषध उडवणं बाकीच्या मुलांनाही चांगलं नाही. नाहीच जमलं तर निदान आदल्या दिवशी सांग म्हणा, म्हणजे तुम्ही मुलाच्या कानावर घालाल : उद्या दहाच्या सुमाराला पंप चालेल, तेव्हा आपण वर्ग पलीकडच्या खोलीत घेऊ. आधी कळलेला आवाज निम्माच मोठा असतो.

रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा क्रम लिहा. कोणता तास, खिचडी कधी, खेळ कधी. बदल असेल तर आधी सांगा. ज्याच्या घरात एका दुपारी सगळंच बदललं, त्याला पुढचा तास कोणता हे माहीत असण्यात केवढा आधार असतो! आणि हे सगळ्या वर्गासाठी करा, त्याच्या एकट्यासाठी नको. तुमच्या वर्गात आणखी दोन-तीन पोरं अशी असणारच. कोणाच्या घरी रात्री मारहाण, कोणाचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले. त्यांनी कोणाचं डोकं आपटलेलं नाही, म्हणून ती तुमच्या पत्रात आलेली नाहीत.

डोकं आपटल्याचं काय, असं सर विचारतील. बरोबर विचारतील. ज्याला लागलं तोही तुमचाच विद्यार्थी आहे आणि त्याच्या आईला तुम्ही भेटायला हवं. पण दाखला देता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम 17 प्रमाणे त्याला मारता किंवा मानसिक त्रास देता येत नाही. कायदा 2009 चा आहे, स्टाफरूममध्ये अजून पोचायचाय. त्या दोघांना वर्गापुढे उभं करून ‘सॉरी म्हण’ करू नका. दोन दिवस जाऊ द्या, मग दोघांना वेगवेगळं बोलवा. ज्याने चिडवलं त्याला विचारा, अपात्र म्हणजे काय? त्याला माहीत नसेल, पैज लावते. तो शब्द त्याने शाळेत उचललेला नाही, घरच्या ओट्यावर ऐकला आहे.

माझा जीव त्या शब्दावरच अडकला. 2006 च्या शासन निर्णयाप्रमाणे अशा घराला एक लाख रुपये मिळतात : 30 हजार लगेच, 70 हजार खात्यात अडकवून. ते द्यायचे की नाही हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. नापिकी होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे बघितलं जातं. बसलं तर पात्र, नाही तर अपात्र. कागदाच्या दृष्टीने तो एक रकाना आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या कानात मात्र तो निकाल म्हणून शिरला : बाप मरायलाही लायक नव्हता. बाई, हे त्याला कोणी तरी समजावून सांगायला हवं, आणि ते तलाठीअप्पांनी सांगितलं तर सगळ्यात चांगलं, कारण पंचनाम्याला तेच आले होते. कागद समोर ठेवून सांगावं : हे बघ, अपात्र ठरलं ते प्रकरण. इथे लिहिलंय सावकाराकडे परवाना नव्हता. तुझ्या वडिलांबद्दल इथे एक अक्षर वाईट नाही. पाच मिनिटांचं काम आहे. फेरचौकशीचा अर्ज करता येतो का, तेही त्यांनाच विचारा.

पैशाचं आणखी एक, कारण पोटात नसेल तर बाकी सगळं बोलणं वारा. एक पालक गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिन्याला 2250 रुपये. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो आणि बालकल्याण समिती मंजूर करते. इथे पात्र-अपात्रचा तो शेतकरी निकष नाही. आईसाठी संजय गांधी निराधार योजना तहसीलमध्ये. हे कागद ती एकटी करू शकणार नाही. मजुरी बुडवून तीन वेळा चोपड्याला हेलपाटे मारायचे तर तिसऱ्या वेळी ती सोडून देईल. सरपंचांना पंधरा ऑगस्टला काही तरी करायचंच आहे ना? त्या आधी ग्रामसेवकांकडून हा अर्ज भरून पोच आणून द्या म्हणावं. वक्त्याच्या गाडीभाड्यात होईल.

आता गाव. सरपंचांना नुसतं ‘नको’ म्हटलं तर ते दुखावतील आणि मग काहीच करणार नाहीत. त्यांना म्हणा, कार्यक्रम नको, बैठक हवी. शाळा सुटल्यावर वर्गातच बसा, सात-आठ माणसं, खाली सतरंजी. हार नाही, बॅनर नाही, फोटो तर मुळीच नाही. फोटो निघाला की काम झालं असं आपल्याकडे समजतात, आणि तो ग्रुपवर पडला की त्या घराची पुन्हा दिंडी निघते. त्या आधी एक गोष्ट : मुलाच्या आईला विचारा. तिने ‘नका बसू’ म्हटलं तर बसू नका. ‘बसा, पण अमका नको’ म्हटलं तर अमका नको.

त्या बैठकीत मुलाची सगळी कहाणी सांगायची नाही. प्रत्येकाला त्याच्या वाट्याचं तेवढं सांगायचं. खिचडीवाल्या मावशींपासून सुरुवात करा. मुलगा किती खातो, कधीपासून ताट तसंच ठेवतो, हे आख्ख्या गावात त्या एकट्या बघतात. दोन वेळा वाढून घेणारा पोरगा एकदाही घेत नसेल तर ती बातमी तुम्हाला त्याच दिवशी कळायला हवी. आशाताईंना सांगा की त्या घरी लसीकरणाच्या निमित्ताने डोकावा, आईची झोप-जेवण विचारा. ती माउली पोराकडे बघून स्वतःला विसरलेली असणार. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर किंवा समुपदेशक तालुक्याच्या रुग्णालयात कोणत्या दिवशी येतात हे आशाताईंनी विचारून ठेवावं. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथल्या समुपदेशकाशी मुलाची एक भेट घालून द्या. त्याला ‘वेड्याच्या डॉक्टरकडे’ नेतोय असं वाटू नये म्हणून सोबत तुम्ही नाही, त्याला आवडणारं माणूस जाऊ द्या. तिथे नाही जमलं तर तापी ओलांडून जळगावचं सरकारी मेडिकल कॉलेज आहेच.

आणि कृषी केंद्राचा दुकानदार. तो कशाला, असं सगळे म्हणतील. श्रीलंकेत 1995 नंतर अत्यंत विषारी कीटकनाशकांवर एकेक करून बंदी आली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण 70 टक्क्यांहून अधिक उतरलं. माणसांची दुःखं काही संपली नव्हती. हाताशी असलेली गोष्ट लांब गेली, आणि तो वाईट अर्धा तास निघून गेला. तो अर्धा तास टळला की बहुतेक माणसं जगतात, हे आमच्या कामातलं सगळ्यात मोठं आशेचं गणित आहे. बंदी घालणं गावाच्या हातात नाही, पण कुलूप आहे. घरोघरी औषधाचे डबे माळ्यावर, खाटेखाली, न्हाणीत पडलेले असतात. दुकानदाराने लागेल तेवढंच द्यावं, उरलेलं परत घ्यावं किंवा निदान विचारावं. सात-आठ घरांनी मिळून शेतातल्या एका खोलीत लोखंडी पेटी ठेवावी, किल्ली दोघांकडे. दुकानदाराला आणखी एक सांगा. रोजचं गिऱ्हाईक अचानक भलत्या वेळी येऊन भलतंच मागत असेल, नजर चुकवत असेल, तर डबा देण्याआधी त्याला स्टुलावर बसवा, चहा मागवा आणि त्याच्या घरी फोन करा. सरपंचांना भाषणच करायचं असेल तर पंधरा ऑगस्टला त्यांनी या पेटीबद्दल करावं. कोणाचं नाव न घेता. ते भाषण मी ऐकायला येईन.

आता अवघड प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही, पण झोप बहुधा त्यानेच उडाली आहे. मुलगाही तसं काही करेल का? त्याला विचारा. हो, सरळ. विचारल्याने डोक्यात विचार घुसतो हा गैरसमज आहे. उलट, कोणी तरी न घाबरता विचारलं याचं मुलांना हायसं वाटतं. घरच्या भाषेत विचारा. मराठीच्या तासाची भाषा नको. त्याच्या शेजारी बसा, समोर नको. ‘बाबा गेल्यावर कधी कधी आपणही नसावं असं वाटतं मुलांना. तुला वाटतं का रे भो?’ आणि मग गप्प बसा. तो गप्प राहिला तर तुम्हीही राहा, मिनिटभर, दोन मिनिटं. ‘असं बोलू नये’, ‘आईकडे बघ’ वगैरे काही नाही. तो ‘हो’ म्हणाला, किंवा कसं करायचं हेही त्याने ठरवलेलं दिसलं, तर त्या दिवशी त्याला एकटं सोडायचं नाही, घरातलं औषध हलवायचं आणि त्याच दिवशी रुग्णालय. वाट बघायची नाही. रस्त्यातच 14416 ला फोन लावा. ती टेली-मानस, सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा, ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास चालू आहे आणि मराठीत बोलतात. मुलाला स्वतःला फोन करायचा असेल तर 1098 ही मुलांची लाईन आहे. दोन्ही नंबर वर्गात भिंतीवर लावा, सगळ्यांसाठी.

काकाविषयी माझं मत बहुतेक गावाच्या उलट आहे. त्या घरात या मुलाला सध्या सगळ्यात जास्त समजून घेणारा माणूस तोच असण्याची शक्यता आहे. तळ गाठून वर आलेला माणूस उपदेश करत नाही. पण आईचा धाकही खोटा नाही, तिने त्याचे जुने दिवस बघितलेत. म्हणून मधला रस्ता : काकाने मुलाला शाळेतून घरी न्यावं, दिवसाउजेडी, रस्त्याने. पैशाचा व्यवहार त्याच्याकडे नको, आणि मुलाची राखण हीच त्याची दारू सोडण्याची अट करू नका. ‘पोरासाठी तरी पिऊ नकोस’ हे वाक्य गावात सगळे म्हणतात. तो एक दिवस घसरला तर मुलाला वाटेल, माझ्यामुळे. चार महिने म्हणजे अजून ओली भिंत आहे. घसरला तर नाटक नको. मुलाला एवढंच सांगायचं की काकाला आज बरं नाही, आणि काकाला परत उपचाराकडे वळवायचं. त्याला ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्या माणसांच्या गटाच्या, मीटिंगला जायला जमतं का बघा, तालुक्याला किंवा जिल्ह्याला. तिथे पैसे लागत नाहीत, आणि ‘फक्त आजचा दिवस’ एवढंच मागतात. नशामुक्तीची सरकारी लाईन 14446. गाव हसतं, त्याचा इलाज सरपंचांकडे आहे. त्यांनी त्याला चारचौघांत एखादं काम सांगावं. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह सोडायचं म्हणा. रोज ठरल्या वेळी, ज्यावर गाव अवलंबून आहे असं.

अजून दोन गोष्टी या निमित्ताने, कारण तुमचं पत्र वाचून दहा घरांतून मला विचारणा होणार आहे. कोणी भाजीत गुपचूप कालवायला ‘दारू सोडवायचं औषध’ देत असेल तर घेऊ नका. न सांगता ते घातलं आणि माणूस वरून प्यायला तर जिवावर बेततं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम सोडायला लावू नका. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. दवाखान्यातच सोडवायची.

पुढचे दोन महिने कॅलेंडर जवळ ठेवा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येईल. रोट करायचे की नाही ते त्यांची भाऊबंदकी ठरवेल. पण ज्या घरांत माणशी सव्वा मूठ धान्य मोजून घेतात, तिथे मोजताना एक मूठ कमी भरते, आणि पोरं ते मोजतात, आपल्याला वाटत नाही तरी. सोमवारी तो शाळेत कसा येतो बघा. मग पोळा. बैलजोडी विकलेल्या घरात पोळा म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला काकाने त्याला सोबत घेऊन भाऊबंदांच्या गोठ्यात जावं. बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावायचं काम त्याच्या हातात द्यावं, ‘बघ तरी’ म्हणून कडेला उभं करू नये. त्याची इच्छा नसेल तर नको. त्या दिवशी घरी झोपून राहिला तरी चालेल, फक्त कोणी तरी घरात असू द्या. आणि पोळ्यानंतरचे ते आठ-दहा दिवस. वर्षश्राद्ध तिथीने येईल, पण शरीराला तिथी कळत नाही. तुमच्या पत्रात लिहिलेत ते कापसाला बोंडं धरायचे दिवस, तोच वास, तसंच ढगाळ, हेच त्याचं कॅलेंडर. त्या आठवड्यात चाचणी परीक्षा लावू नका. वही पुन्हा कोरी झाली तर ‘इतकं सुधारला होता’ असं म्हणू नका. तो मागे गेलेला नाही, फक्त ते दिवस आलेत.

तुमच्या झोपेचं. 14416 तुमच्यासाठीही आहे, शिक्षकांनी करू नये असं कुठे लिहिलेलं नाही, आणि रात्री अडीच वाजताही उचलतात. पण मला वाटतं, तुमची निम्मी झोप ‘माझ्याकडून काही राहिलं तर’ या एका वाक्याने खाल्ली आहे. म्हणून ती सतरंजीवरची बैठक मुलाइतकीच तुमच्यासाठी हवी. त्या संध्याकाळनंतर ताटावर मावशींचं लक्ष असेल, घरावर आशाताईंचं, कागदांवर ग्रामसेवकांचं, रस्त्यावर काकाचं. तुमच्याकडे सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच एवढाच मुलगा राहील. तेवढा तुम्हाला नक्की पेलेल.

राहिले गणिताचे सर. त्यांना कलम 17 दाखवू नका, निदान आधी नको. वर्षानुवर्षं आवाजावर वर्ग चालवलेल्या माणसाला आवाज खाली कर म्हटलं की त्याला वाटतं हातातली छडीच काढून घेतली. त्यांना मदत मागा. म्हणा, सर, हा गणितात चांगला होता, तुम्हीच सांगितलं होतं. रोज सुटताना त्याला तीन गणितं द्याल का, वहीत, सगळ्यांच्या देखत नाही? आणि दुसऱ्या दिवशी तपासून नुसती खूण कराल का, चूक असली तरी शेरा न मारता? पहिल्या आठवड्यात वही कोरीच येईल, ते आधीच सांगून ठेवा. ज्या दिवशी एक गणित सोडवलेलं येईल त्या दिवशी सर तुम्हाला सांगायला स्वतः स्टाफरूममध्ये येतील. आवाज कमी झालेला त्यांचा त्यांना कळणारही नाही.

आणि हो, हा अंक तेवढा त्यांच्या टेबलावर ठेवू नका.